गाडीच्या दाराचं लॅच बिघडलंय? घरी हात घालण्याआधी (आणि घातल्यावर) पडणारे प्रश्न

लॅच म्हणजे नेमका कुठला भाग? लॉक आणि लॅच एकच ना?

एकच नाही, पण आजकाल दोन्ही एकाच डब्यात असतात म्हणून गोंधळ होतो. दार उघडून त्याच्या कडेला बघा, जिथे ते बॉडीला जाऊन टेकतं तिथे एक खाच दिसेल आणि त्या खाचेत नालेच्या आकाराचा एक लोखंडी आकडा. समोर गाडीच्या खांबावर वाकवलेल्या जाड सळईची कडी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दार ढकललं की कडी आकड्याला मागे लोटते, आकडा फिरून तिला धरतो आणि तो परत फिरू नये म्हणून आत एक खिटी येऊन अडकते. हँडल ओढलं की ती खिटी बाजूला होते, बस्स. एवढंच लॅच. लॉक म्हणजे हँडल ओढूनही खिटीपर्यंत ओढ पोचू न देणारी व्यवस्था.

हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, कारण लॅच खराब म्हणून जे दार दाखवलं जातं त्यात बऱ्याचदा लॅच चांगलं असतं आणि भानगड घाणीत, वाळलेल्या ग्रीसमध्ये, एखाद्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये नाहीतर हललेल्या स्ट्रायकरमध्ये असते. म्हणून नवीन पार्ट मागवायच्या आधी खालचं सगळं तपासा.

दार बंदच होत नाही. कितीही जोरात आपटलं तरी धडकून परत येतं. काय करू?

आधी आपटणं थांबवा!! दार उघडं असताना आकडा बघा. त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला उघडं असायला हवं. ते आत वळलेलं, म्हणजे दार लागल्यावर असतं तसं दिसत असेल तर कडीला शिरायला जागाच नाही, आणि प्रत्येक आपटण्यात तुम्ही लोखंडावर लोखंड मारताय. कोणीतरी उघड्या दाराचा आकडा खेळता खेळता बोटाने दाबला किंवा सीटबेल्टचं बक्कल मध्ये आलं तरी हे होतं.

उपाय एका मिनिटाचा आहे. दार अनलॉक करा, बाहेरचं हँडल पूर्ण ओढून धरा आणि आकडा स्क्रूड्रायव्हरने बाहेरच्या दिशेने ढकला. टक्कन उघडला की झालं. ओढून धरूनही आकडा हलत नसेल तर दोन शक्यता, एकतर हँडलची ओढ खिटीपर्यंत पोचत नाहीये नाहीतर खिटी वाळक्या ग्रीसमध्ये चिकटून बसलीय. खाचेत गंज सोडवणारा स्प्रे मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दुसऱ्या कोणाला हँडल धरायला लावून तुम्ही आकडा हळूहळू मागेपुढे हलवत राहा.

आकडा उघडला पण सोडल्यावर लुळा पडतोय, आपणहून उघड्या बाजूला राहत नाही असं असेल तर आतली स्प्रिंग तुटलीय. तिथे स्प्रे-ग्रीस काही करणार नाही, लॅच बदला.

दार लागतं, पण डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचा दिवा लागतो आणि चालताना खडखड येते.

हात लावून बघा, दार कडेला बॉडीपेक्षा किंचित बाहेर आलंय का. आलं असेल तर आकडा पहिल्याच टप्प्यावर अडकलाय. प्रत्येक लॅचला दोन टप्पे असतात, पहिला अर्धवट आणि दुसरा पूर्ण, नीट लावताना दोन टिकटिक येतात ती तीच. अर्धवट टप्पा मुद्दाम ठेवलेला आहे, दार पूर्ण नाही लागलं तरी चालत्या गाडीत ते सताड उघडू नये म्हणून, पण त्याच्या भरवशावर गाडी चालवायची नसते. फरक किती ते बघा: वाहनांचे जागतिक तांत्रिक नियम करायला घेतले तेव्हा त्यातला क्रमांक १ चा नियम, २००४ सालचा, दारांच्या लॅचवरच आहे (इंजिन नाही, ब्रेक नाही, दार!) आणि त्यात पूर्ण लागलेल्या लॅचने एका दिशेत ११,००० न्यूटन ओढ सहन करायला हवी, म्हणजे साधारण अकराशे किलो वजन टांगल्यासारखं. अर्धवट टप्प्याला मात्र ४,५०० न्यूटन पुरतात. निम्म्याहूनही कमी.

कारणं सांगायची तर आकड्यातली घाण, फुगलेलं किंवा जागेवरून निघालेलं रबरी बीडिंग (दाराच्या कडेभोवतीची पट्टी), स्ट्रायकर सरकणं, नाहीतर दार बिजागरीत खाली बसणं. शेवटचं ओळखायला दार अर्धं उघडून टोकाला दोन्ही हातांनी वर उचलून बघा. कटकट करत वरखाली होत असेल तर बिजागरीच्या पिना झिजल्यात, आणि मग लॅचशी कितीही खेळलात तरी चार दिवसांनी परत तेच.

मग तोवर दार दोरीने बांधून गाडी चालवली तर?

नको. दुरुस्तीला न्यायचीच असेल तर त्या बाजूला कोणाला बसवू नका, सामान बांधायच्या पट्ट्याने दार आतून घट्ट ओढून बांधा आणि हळू, जवळच्या रस्त्याने न्या. ड्रायव्हरचंच दार असेल तर टो करा.

बाहेरून उघडतं, आतून उघडत नाही. लॅच गेलं का?

मागचं दार आहे का? मग चाइल्ड लॉक बघा. दाराच्या कडेला लॅचजवळ एक छोटी खिट्टी असते किंवा किल्लीने फिरवायची खाच असते, गाडी धुताना किंवा सामान काढताना ती नकळत सरकते. हसू नका, यासाठी लोक दार खोलून बसलेले असतात. काही गाड्यांमध्ये चाइल्ड लॉक ड्रायव्हरच्या बटणावर असतं, तेही दाबून बघा.

पुढचं दार असेल तर आतल्या हँडलपासून लॅचपर्यंत जाणारी केबल निसटलीय किंवा तुटलीय. सायकलच्या ब्रेकला असते तशीच केबल, बाहेर नळी आत तार. हँडल अगदी सैल, काहीच विरोध न करता येत असेल तर निसटली. अर्ध्यापर्यंत सैल आणि मग जड लागत असेल तर नळीचं टोक आपल्या खाचेतून उठलंय.

आणि उलटं, आतून उघडतं पण बाहेरून नाही?

हा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण इथे बहुतेक वेळा एक बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची क्लिप गुन्हेगार असते. बाहेरच्या हँडलच्या मागून एक पातळ सळई खाली लॅचकडे जाते, तिचं टोक या क्लिपमध्ये बसतं. वर्षानुवर्षं उन्हात तापून क्लिप ठिसूळ होते, तुटते, सळई लोंबकळते आणि हँडल नुसतंच उघडमीट करतं. क्लिप नवीन मिळते. सोडवताना मात्र सळई खसकन ओढायची नाही, आधी क्लिपचा कान सळईवरून फिरवून बाजूला करायचा आणि मग सळई तिच्या भोकातून सरळ बाहेर काढायची. काही सळयांना आटे असतात, लांबी कमीजास्त करायला. त्या आट्यांवर क्लिप कुठे होती ते मार्करने रंगवून ठेवा, कारण दोन-तीन आट्यांचा फरक पडला तर एकतर हँडल ओढूनही दार सुटत नाही नाहीतर खिटी कायम थोडी ओढलेलीच राहते, आणि दुसरं जास्त वाईट.

हँडल स्वतःच आतून मोडलेलं असू शकतं, विशेषतः पूर्ण प्लास्टिकचं असेल तर. ते ओढताना हाताला कळतं, मोडलेली बाजू वाकडी येते.

ना आतून ना बाहेरून. दार ठार बंद आहे.

सगळ्यात कटकटीचं प्रकरण, कारण ट्रिम (दाराच्या आतल्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण) काढायचे स्क्रू काही वेळा दार उघडल्याशिवाय दिसतच नाहीत आणि लॅचचे तर कडेलाच असतात. घाई न करता क्रमाने जा:

बॅटरी उतरली नाही ना बघा, उतरली असेल तर रिमोटने नाही, किल्ली घालून उघडा. मग एकाने बाहेरून लॅचच्या जागी तळहाताने दार आत दाबून धरायचं (याने कडीवरचा ताण कमी होतो) आणि दुसऱ्याने हँडल ओढायचं. तेच करताना अनलॉकचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहा, लॉकची चिकटलेली मोटर कधी कधी सहाव्या-सातव्या दाबात सुटते. दाब आणि सोड, दाब आणि सोड, लॅचजवळ मुठीने थोडं ठोकतही राहा.

याने नाही झालं तर आतून ट्रिम उचलावी लागते. सीट पूर्ण मागे किंवा पुढे सरकवा, मागचं दार असेल तर सीटची गादी काढली तर बरीच जागा होते. ट्रिमची खालची आणि लॅचकडची कड दारात चेपलेली असते, ती वाकवून मागे हात घालावा लागतो आणि त्यात ट्रिमला तडा जाऊ शकतो, हे आधीच गृहीत धरा. मग टॉर्च लावून लॅचला जाणारी केबल किंवा सळई शोधायची आणि पकडीने थेट तीच ओढायची. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच करणाऱ्याने हे एक काम मेकॅनिकला द्यावं, बाकी सगळं घरी करण्यासारखं आहे.

एकदा उघडलं की काहीही झालं तरी लॅच दुरुस्त होईपर्यंत ते दार परत लावू नका. चुकून ढकलू नये म्हणून मध्ये जाड फडकं बांधून ठेवा.

ट्रिम काढायची कशी? क्लिप तुटायची भीती वाटते.

एखाद-दोन तुटतातच, आधीच पाच-सहा जास्तीच्या आणून ठेवा, आपल्याच गाडीच्या मापाच्या. स्क्रू लपवलेले असतात: आतल्या हँडलच्या मागच्या छोट्या झाकणाखाली, दार ओढायच्या खोबणीच्या तळाशी, आर्मरेस्टच्या खाली, कधी दाराच्या कडेला. आरशाच्या मागचा तिकोनी तुकडा असेल तर तो आधी निघतो. सगळे स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकचा चपटा पट्टा घालून उचकटायला सुरुवात करायची, लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातलात तर रंग गेलाच समजा. फटफट क्लिपा सुटत जातील. कुठे अडलं तर जोर लावू नका, तिथे एक स्क्रू राहिलाय. सगळ्या बाजू सुटल्यावर ट्रिम वर उचलून काचेच्या खाचेतून काढायची, आणि लगेच खेचून दूर न्यायची नाही!! मागे काचेच्या बटणाची वायर, हँडलची केबल, एखादा दिवा जोडलेला असतो. मांडीवर तोलून धरा, एकेक कनेक्टर काढा, प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो.

काच आधीच पूर्ण वर करून ठेवा. खाली असेल तर लॅचच्या वाटेत येते, आणि बॅटरी काढल्यावर आठवून उपयोग नाही.

आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला.

एअरबॅगची भीती नाही ना?

बाजूची एअरबॅग बहुतेक सीटमध्ये किंवा छताच्या कडेला असते, पण काही गाड्यांत ती दारातच असते आणि बऱ्याच गाड्यांत दारात धडक ओळखणारा सेन्सर असतो, जो दाराच्या आतल्या हवेचा दाब मोजतो. म्हणून काम सुरू करण्याआधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि थोडा वेळ थांबा, किती ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. ट्रिम काढलेली असताना इग्निशन चालू करून दार आपटायचं नाही.

ट्रिमच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला आहे, तो फाडून टाकला तर चालेल ना?

अजिबात नाही. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आत पडतं, खालच्या भोकांतून बाहेर जातं, आणि ते आत केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो कागद असतो. फाडलात तर पुढच्या पावसात मॅट ओली. काळा चिकट डिंक ब्लेडने हळूच कापत कागद फक्त लॅचच्या बाजूने सोलवा, डिंकाला माती लागू देऊ नका, तोच परत दाबून चिकटतो. आणि वर सांगितलेला दाबाचा सेन्सर असेल तर हा कागद नीट चिकटलेला असणं त्याच्यासाठीही गरजेचं आहे.

लॅचचे स्क्रू सुटत नाहीत, डोकं घसरायला लागलंय.

तिथेच थांबा. हे स्क्रू बहुतेक सहा टोकांच्या चांदणीचे असतात, बऱ्याच गाड्यांत टी-३० मापाचे, आणि लोक त्यात ॲलन की (षटकोनी चावी) घालतात, ती बसल्यासारखी वाटते आणि खाच गोल करून टाकते. बरोबर मापाचा चांगल्या पोलादाचा बिट घ्या, खाचेतली घाण टाचणीने उकरा, बिट बसवून हातोडीने दोन-तीन सरळ टोले द्या, मग पूर्ण वजन टाकून फिरवा. तरी नाही तर हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, तो टोल्यासरशी फिरवतो, यासाठीच बनलाय. परत लावताना जुना वाळलेला थ्रेडलॉक (स्क्रू आपोआप ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) साफ करून निळा लावा.

कुठला स्प्रे, कुठलं ग्रीस?

सुटं करायचा स्प्रे आणि वंगण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे घाण आणि जुनं ग्रीस विरघळवायला उत्तम, पण तो उडून जातो, आणि नुसतं तेच मारून सोडलं तर काही दिवसांनी लॅच आधीपेक्षा कोरडं. आधी तो मारा, आकडा स्क्रूड्रायव्हरने फिरवत राहा, काळं पाणी गळायचं थांबेपर्यंत फडक्याने पुसा, वाळू द्या, मग पांढरं लिथियम ग्रीस. आकड्याला, खिटीच्या टोकाला आणि कडीला पातळ थर. लपलपीत नको, धूळ चिकटते आणि प्रवाशांच्या कपड्यांना लागतं ते वेगळंच. किल्लीच्या भोकात ग्रीस घालू नका, तिथे ग्रॅफाइटची कोरडी पूड. रबरी बीडिंगला सिलिकॉन, कडक थंडीत दार बीडिंगला गोठून चिकटतं त्यावरही हाच इलाज.

स्ट्रायकर हलवून बघू का?

बघा, पण आधी त्याच्या भोवती पेन्सिलने रेघ मारा. रेघ नसेल तर मूळ जागा परत सापडत नाही. बोल्ट पूर्ण काढू नका, नुसते ढिले करा, कारण काही गाड्यांत मागची आट्यांची पट्टी सुटी असते आणि ती खांबाच्या आत पडली की शोधत बसा. एका वेळी एक-दीड मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. दार जोरात लावावं लागत असेल तर थोडं बाहेर, खडखडत असेल किंवा बाहेर राहत असेल तर थोडं आत, लावताना दार वर उचललं जात असेल तर स्ट्रायकर थोडा खाली. नंतर घट्ट म्हणजे खरंच घट्ट, मॅन्युअलमधल्या टॉर्कला (किती जोराने आवळायचं त्या मापाला), अपघातात दार धरून ठेवणारे तेच दोन बोल्ट आहेत.

सेंट्रल लॉकचा आवाज येतो पण एकच दार लॉक होत नाही.

घरघर किंवा टरटर आवाज येत असेल तर मोटर फिरतेय पण आतले प्लास्टिकचे गिअर गेलेत. आवाजच नसेल तर मोटर, किंवा वायर. वायर आधी बघा: दार आणि बॉडीच्या मध्ये बिजागरीजवळ रबरी नळी असते, त्यातल्या वायरी दर उघड-बंदीला वाकतात आणि एक दिवस आतल्या आत तुटतात. कोणाला तरी बटण दाबत ठेवायला सांगून ती नळी हलवा, मध्येच चालू झालं तर सापडलं. सगळ्याच दारांचं लॉक चालत नसेल तर दार सोडा, फ्यूज बघा.

दार लागलंय तरी आतला दिवा विझत नाही, सकाळी बॅटरी उतरलेली असते.

नवीन गाड्यांमध्ये दार उघडं की बंद हे सांगणारा छोटा स्विच लॅचच्या आतच असतो. खाचेतून कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारून आकडा वीस-पंचवीस वेळा उघड-बंद करा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर सहसा पूर्ण लॅचच बदलावं लागतं. जुन्या गाड्यांत खांबावर रबरी टोपीचं बटण असतं, ते तर स्क्रू काढून घासून साफ करता येतं.

जुन्या गाडीतून काढलेलं लॅच बसवू का?

चालतं, पण पार्ट नंबर जुळवा. डावं-उजवं, पुढचं-मागचं सगळी वेगळी असतात, आणि बाहेरून सारखं दिसलं तरी कनेक्टरच्या पिना कमीजास्त असतात. हातात घेऊन आकडा दोन टप्पे फिरवून बघा, कडेला झीज असेल तर ठेवून द्या. आणि पैसे घालण्याआधी गाडीच्या चेसिस नंबरवर रिकॉल आहे का ते कंपनीच्या साइटवर बघा, असेल तर फुकट बदलून मिळतं. फोर्डने २०१५ आणि २०१६ मध्ये अमेरिकेत लाखो गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या, खिटीच्या स्प्रिंगचा टेकू तुटत होता.

सगळं बसवलं. आता दार लावून बघू?

थांबा, आधी उघड्या दारावरच तपासा. ट्रिम अजून लावू नका, बॅटरी आणि लॉकचा कनेक्टर जोडा, दार उघडंच ठेवून स्क्रूड्रायव्हरने आकडा आत ढकला, एक टिक, दोन टिक. आता आतलं हँडल ओढा, आकडा सुटला पाहिजे. परत दोन टिक, बाहेरचं हँडल. परत दोन टिक, लॉक करा, बाहेरचं ओढा, सुटता कामा नये, अनलॉक करून ओढा, सुटला पाहिजे. किल्लीने, रिमोटने, चाइल्ड लॉक लावून आणि काढून, सगळं. यातलं एकही चुकलं आणि तुम्ही दार लावून मोकळे झालात तर वर जे ठार बंद दाराचं प्रकरण आहे तिथे तुम्ही स्वतःच्या हाताने जाऊन पोचलात. सगळं पास झालं की दार हलक्या हाताने लावा, पाच-दहा वेळा, आणि मगच बॅटरीची वायर परत सोडवून कागद, ट्रिम.

झालं सगळं, पण आता काच एका दाबात वर जात नाही. हे काय नवीन?

बॅटरी काढल्यामुळे काच आपली वरची हद्द विसरलीय. इग्निशन चालू करून बटण दाबून काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर, आणि वर टेकल्यावरही बटण काही सेकंद ओढून धरा. बहुतेक गाड्यांत एवढ्यावर होतं, नाही झालं तर नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये काचांच्या पानावर असते.